अनिश्चित मागणी आणि उत्पादन-वितरणाचे नियोजन

मागणी किती येणार हे कळण्याआधीच माल किती करायचा, कुठे ठेवायचा आणि कधी, कुठे पाठवायचा हे ठरवण्याचे तंत्र. ऑपरेशन्स रिसर्च या उपयोजित गणिताच्या शाखेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचा पद्धतशीर अभ्यास होत आला आहे. हंगामी धंदा करणारा प्रत्येक जण मात्र ते आपल्या परीने करतच असतो. मागणीचा अचूक अंदाज बांधला की नियोजन झाले, असा समज सर्रास आढळतो आणि तो अपुरा आहे. अंदाज चुकणारच हे धरून कोणत्या बाजूची चूक अधिक महाग पडेल हे ओळखणे, आणि कोणता निर्णय आज घ्यावाच लागेल व कोणता मागणी थोडी उघड होईपर्यंत लांबवता येईल हे ठरवणे, हा या विषयाचा गाभा आहे.

पेणच्या मूर्ती

रायगड जिल्ह्यातील पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. घरोघरचे गिऱ्हाईक मूर्ती घेते ते मात्र चतुर्थीच्या आधीच्या थोड्या आठवड्यांत. चतुर्थी कधी आहे याबद्दल कोणालाच शंका नसते. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तारीख तीन-तीन आठवडे मागेपुढे होते, पण ती पंचांगात आधीच छापलेली असते. बदलती मागणी आणि अनिश्चित मागणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट दिसते. पहिलीसाठी चांगले वेळापत्रक पुरते. दुसरीसाठी काहीतरी हाताशी राखून ठेवावे लागते.

अनिश्चित असते ते पुढचे सगळे. शाडूची मूर्ती किती जण मागतील आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसची किती, नऊ इंची किती आणि दोन फुटी किती, बैठक कोणती, पितांबराचा रंग कोणता. एकूण मूर्ती किती खपतील याचा अंदाज बऱ्यापैकी जमतो, कारण एका प्रकारातली वाढ दुसऱ्यातल्या घटीने भरून निघते. एकेका प्रकाराचा अंदाज मात्र हमखास फसतो. म्हणून साच्यातून काढलेल्या, न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती पेणहून मुंबई-पुण्यासह अनेक गावांच्या कारखानदारांकडे जातात आणि रंगकाम, डोळ्यांची आखणी, दागिन्यांची सजावट तिथे हंगामाच्या तोंडावर होते. मातीकाम महिनोन्‌महिने चालते, त्यामुळे ते आधी करावेच लागते. रंग शेवटी दिला तरी चालतो. परदेशातील मराठी घरांसाठी जहाजाने जाणाऱ्या मूर्तींना ही सवलत नाही. त्या काही महिने आधी पूर्ण होऊन निघतात, त्यामुळे त्यांचा अंदाजही तितकाच आधी बांधावा लागतो.

या युक्तीला व्यवस्थापनशास्त्रात 'लांबणीवर टाकणे' असे साधेच नाव आहे. इटलीच्या बेनेटन कंपनीने स्वेटर आधी विणून रंग मागाहून देण्याची पद्धत याच कारणासाठी घेतली. ह्युलेट-पॅकार्डने डेस्कजेट छपाईयंत्रे सर्व देशांसाठी सारखीच बनवून, त्या-त्या देशाचा वीजपुरवठ्याचा भाग आणि माहितीपुस्तिका वितरण केंद्रात जोडायला सुरुवात केली. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत ही दोन उदाहरणे नेहमी शिकवतात. पेणचे उदाहरणही त्यांच्याच पंक्तीत बसते.

पेपरवाल्याचा प्रश्न

या विषयातील सर्वांत मूलभूत प्रतिमान एका पेपरवाल्याचे आहे. पहाटे त्याने किती अंक उचलावेत? कमी उचलले तर गिऱ्हाईक परत जाते, जास्त उचलले तर संध्याकाळी रद्दी. याच घडणीचा प्रश्न फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्ये बँकेने ठेवीदारांसाठी किती रोकड हाताशी ठेवावी, या रूपात मांडला होता. केनेथ अ‍ॅरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शक यांच्या १९५१ मधील संशोधनलेखानंतर साठ्याच्या आधुनिक सिद्धांताला वेग आला.

उत्तर काढण्याची रीत साधी आहे. आणखी एक नग करावा का, एवढेच दर वेळी विचारायचे. तो नग कमी पडला तर बुडणारा नफा एका पारड्यात, उरला तर होणारा तोटा दुसऱ्या पारड्यात. बुडणाऱ्या नफ्याला त्या दोन्हींच्या बेरजेने भागले की एक गुणोत्तर मिळते. मागणी आपल्या साठ्यात भागण्याची शक्यता या गुणोत्तराइतकी होईल, तिथवर माल करायचा.

उदाहरणापुरते आकडे धरू. एका मूर्तीचा खर्च ६०० रुपये, विक्री १,५०० रुपये. उरली तर जपून ठेवून पुढच्या वर्षी विकता येते, पण जागाभाडे, मोडतोड आणि पुन्हा हात फिरवण्याचा खर्च वजा जाता तिची आजची किंमत ४०० रुपये. म्हणजे कमी पडली तर ९०० बुडाले, उरली तर २०० गेले. गुणोत्तर ९०० भागिले १,१००, म्हणजे सुमारे ०.८२. सरासरी मागणी ५०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे मागणी सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होते त्याचे माप, १०० असेल, तर प्रसामान्य वितरणाच्या (घंटेच्या आकाराच्या आलेखाच्या) कोष्टकावरून सुमारे ५९० मूर्ती कराव्यात. आता दिवाळी अंक घ्या. प्रतीचा खर्च १५०, हाती येणारे २५०, उरलेल्या प्रतीचे रद्दीचे १० रुपये. इथे बुडणारा नफा १०० आणि तोटा १४०. गुणोत्तर सुमारे ०.४२. सरासरी मागणी ५,००० आणि प्रमाण विचलन १,००० असेल, तर सुमारे ४,७९० प्रतीच छापणे योग्य.

एकीकडे सरासरीपेक्षा जास्त, दुसरीकडे सरासरीपेक्षा कमी, आणि दोन्ही उत्तरे बरोबर. सरासरीएवढा माल केला की आपण सुरक्षित, ही समजूत किती धंदे बुडवते याची जाणीव हे प्रतिमान करून देते. त्याची थोरवी मला इथेच वाटते. मॉरिस श्वाइट्झर आणि जेरार्ड कॅशॉन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गणित माहीत असलेली माणसेसुद्धा योग्य आकड्यापासून सरासरीकडे ओढली जातात, असे आढळले.

साठा, क्षमता आणि प्रतीक्षा

अनिश्चिततेचा धक्का झेलण्याचे मार्ग तीनच: माल आधी करून ठेवणे, यंत्र वा माणूस मोकळा राखणे, किंवा गिऱ्हाइकाला थांबवणे. तिन्हींना खर्च आहे आणि एक कमी केला की दुसरा वाढतो.

वर्षभर चालणाऱ्या मालासाठी सुरक्षा साठा ठेवतात. नवी खेप यायला लागणाऱ्या काळात मागणी अंदाजापेक्षा वाढली तर तो उपयोगी पडतो. दिवसाच्या मागणीचे प्रमाण विचलन २० नग असेल, एका दिवसाच्या मागणीचा दुसऱ्याशी संबंध नसेल आणि खेप ९ दिवसांनी येत असेल, तर त्या मुदतीतील विचलन ६० होते, कारण ते दिवसांच्या वर्गमुळाने वाढते. शंभरातल्या ९५ खेपांत माल संपू नये असे वाटत असेल, तर त्याच्या १.६५ पट, म्हणजे सुमारे ९९ नग जादा ठेवावे लागतात. खेप ४ दिवसांत येऊ लागली तर ६६ पुरतात. पुरवठ्याची मुदत घटवणे हे अंदाज सुधारण्यापेक्षा कित्येकदा सोपे आणि खात्रीचे असते.

विजेसारख्या गोष्टीत साठ्याचा मार्ग जवळजवळ बंदच असतो. तिथे राखीव क्षमता लागते. भारतात वीजनिर्मितीचे वेळापत्रक दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून आखले जाते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले, तेव्हा मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली. अंदाज दुपटीहून अधिक चुकूनही ग्रिड टिकली, याचे मोठे श्रेय काही मिनिटांत चढ-उतार करू शकणाऱ्या जलविद्युत संचांना जाते. महाराष्ट्रात १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प चढ्या मागणीच्या वेळी असाच हात देतो.

प्रतीक्षेचा मार्ग कोकणाला जुना ठाऊक आहे. गणपतीच्या चित्रशाळेत घरचा पाट आधीच नेऊन देण्याची तिथे रीत आहे. त्याच पाटावर मूर्ती घडते आणि चतुर्थीला घरी येते. पाट आला म्हणजे मागणी नोंदली गेली, मूर्तिकाराला अंदाजाची गरज उरली नाही.

साखळीतील आसूड

आसुडाची मूठ जराशी हलली तरी टोक जोरात फटकारते. दुकानातील विक्री थोडी हलली तरी घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा एकेका टप्प्यावर मागणीचा चढ-उतार वाढत जातो, त्याला याच उपमेवरून नाव मिळाले आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हा अनुभव लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत आला: बाळांची गरज जवळपास स्थिर, पण कारखान्यापर्यंत येणाऱ्या मागण्या हेलकावणाऱ्या. हाउ ली, व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन व्हांग यांनी १९९७ मध्ये याची चार कारणे मांडली. प्रत्येक टप्पा खालच्या टप्प्याच्या मागणीपत्रावरून नवा अंदाज बांधतो. मागण्या साठवून एकदम पाठवल्या जातात. सवलतीच्या काळात भरमसाट उचल होते. आणि तुटवडा दिसला की जो-तो गरजेपेक्षा जास्त मागतो.

चौथे कारण सर्वांत घातक आहे, कारण ती मागणी मुळात खरीच नसते. सिस्को कंपनीला २००१ मध्ये दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा साठा हिशेबातून काढून टाकावा लागला. तुटवड्याच्या काळात फुगलेल्या मागण्या बाजार थंडावताच विरून गेल्या, हे त्याचे एक मोठे कारण होते. उपाय गणितापेक्षा विश्वासाचा आहे: दुकानातील प्रत्यक्ष विक्रीचा आकडा कारखान्याला रोज दिसला पाहिजे.

वितरण

माल एका ठिकाणी ठेवावा की गावोगावी, हा वितरणातील पहिला प्रश्न. चार गोदामांपैकी प्रत्येकाच्या मागणीचे विचलन १०० असेल आणि या मागण्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर माल वेगवेगळा ठेवल्यास चारही ठिकाणी स्वतंत्र, म्हणजे एकूण ४०० विचलनाची तरतूद करावी लागते. एकत्र केल्यास एकूण विचलन ४०० नव्हे तर २०० होते आणि सुरक्षा साठा निम्म्यावर येतो. गॅरी एपेन यांनी १९७९ मध्ये हे दाखवून दिले. मात्र सगळीकडची मागणी एकदमच वाढणार असेल, जसे पहिल्या पावसानंतर छत्र्यांचे होते, तर हा फायदा जवळपास नाहीसा होतो. शिवाय एकच गोदाम म्हणजे गिऱ्हाईक लांब.

गाड्या आणि फेऱ्यांचे नियोजन त्याहून अवघड, कारण रिकामी गेलेली जागा साठवता येत नाही. विमाने कोणत्या मार्गावर किती लावावीत, हा प्रश्न अ‍ॅलन फर्ग्युसन आणि जॉर्ज डँटझिग यांनी १९५६ मध्ये प्रवाशांची संख्या अनिश्चित धरून सोडवला. वर्षभर आधी डँटझिग यांनी दोन टप्प्यांची मांडणी केली होती: पहिला निर्णय मागणी कळण्याआधी, दुसरा ती कळल्यावर सावरण्यासाठी, आणि पहिला घेतानाच दुसऱ्याचा खर्च मोजायचा. एसटी महामंडळ आषाढी वारीला आणि गणपतीसाठी कोकणात जादा गाड्या सोडते, त्यातही ही दोन टप्प्यांची रचना ओळखता येते. गणपतीच्या गट आरक्षणाने मागणी आधी उघड होते, उरलेल्या गर्दीसाठी आगारांतून गाड्या ऐन वेळी वळवाव्या लागतात.

शक्यतांच्या पलीकडे

वरील सारी गणिते मागणीच्या शक्यता मोजता येतात असे मानतात. मोजता येणारी जोखीम आणि न मोजता येणारी अनिश्चितता यांतील भेद फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच सांगितला होता. पेणच्या कारखानदारांना तो २०२० मध्ये भोगावा लागला. मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्या वर्षासाठी अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण करोनामुळे राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तींची उंची ४ फुटांवर आणि घरगुती मूर्तींची २ फुटांवर आणली. उंच मूर्तींचे काम तोवर कुठवर आले होते याचा त्या आदेशाशी संबंध नव्हता. प्लॅस्टरचा प्रश्न पुढे न्यायालयात राहिला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास परवानगी दिली आणि नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला मनाई ठेवली. मागच्या दहा वर्षांच्या विक्रीवरून असा बदल दिसत नाही. हर्बर्ट स्कार्फ यांनी १९५८ मध्ये केवळ सरासरी आणि विचलन माहीत असताना सर्वांत वाईट परिस्थितीतही टिकेल असा साठा काढण्याची पद्धत दिली, आणि तिच्यातून पुढे सावध नियोजनाची स्वतंत्र शाखा वाढली. तरीही साचे, माती आणि कारागीर एका प्रकारातून दुसऱ्याकडे लवकर वळवता येणे, हेच अशा वेळी जास्त उपयोगी पडते असे माझे मत आहे.

नोंद कशाची ठेवायची

सगळ्या पद्धती मागील आकड्यांवर उभ्या असतात आणि ते आकडे बहुधा विक्रीचे असतात, मागणीचे नव्हे. शंभर मूर्ती होत्या, शंभरही विकल्या गेल्या. मागणी शंभराची होती की दीडशेची हे वहीत कुठेच उमटत नाही. त्या वहीवरून पुढच्या वर्षी पुन्हा शंभरच केल्या तर तुटवडा कायमचा होतो आणि वही मात्र अंदाज अचूक निघाल्याचे सांगत राहते. संख्याशास्त्रात अशा कापल्या गेलेल्या आकड्यांवरून मूळ मागणी काढण्याच्या रीती आहेत. माल कोणत्या दिवशी, किती वाजता संपला एवढे लिहून ठेवले तरी त्या पुष्कळ सुधारतात. दुकानात त्याहून सोपे काम म्हणजे हात हलवत परत गेलेल्या गिऱ्हाइकाने काय मागितले होते, ते त्याच दिवशी वहीच्या दुसऱ्या बाजूला टिपणे.