फॉरमॅट मारला आणि आवाज गेला: साउंड कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे खानदेशात ‘साउंड कार्ड’ या शब्दाचा अर्थच बदलला. पारोळ्याकडचा एखादा पोरगा दुकानात येऊन “भाऊ, कोणतं साउंड कार्ड घेऊ?” असं विचारतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे व्ही-८ असतो. तळहातापेक्षा थोडा मोठा डबा, वर चकाकणारी बटणं, एक दाबलं की टाळ्या, दुसरं दाबलं की हशा. तो मोबाइलला लावायचा, माइक जोडायचा आणि अहिराणी गाणं म्हणून त्याच रात्री यूट्यूबवर चढवायचं. श्रावणात कानबाईची गाणी, मग लग्नसराईतली. पूर्वी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे नाशिक नाहीतर पुण्याचा स्टुडिओ गाठावा लागे. आता ते जिन्याखालच्या खोलीत होतं.

माझ्या पिढीला मात्र साउंड कार्ड म्हटलं की हिरवी पट्टी आठवते, कॅबिनेट उघडून मदरबोर्डात दाबून बसवायची. आणि तिच्यासोबत आठवतं ते गिऱ्हाइकाचं ठरलेलं वाक्य: “विंडोज मारलं तेव्हापासून आवाजच इ नही ऱ्हायना.” दुरुस्तीच्या टेबलावर मी ‘उडालेली’ साउंड कार्डं ढिगानं पाहिली. खरोखर उडालेली त्यात थोडीच. बाकीच्यांचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यात दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर, गेलेला असायचा किंवा तो लिहिणारं कुणी उरलेलं नसायचं. कार्ड निवडताना चिपपेक्षा ड्रायव्हरची काळजी कोण घेतंय ते बघा, असं मी म्हणतो त्याला हा सगळा मागचा इतिहास कारण आहे.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात आवाजाच्या नावानं एक छोटा स्पीकर होता आणि तो ८२५३ नावाच्या टायमर चिपवर चाले. एका वेळी एकच सूर, तोही पीं. काही चुकलं की संगणक ओरडतो, एवढीच अपेक्षा होती. कचेरीतल्या यंत्रानं गाणं वाजवावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिबनं यामाहाची वायएम३८१२ चिप लावून कार्ड काढलं. नऊ आवाज एकदम, पण सगळे चिपनं घडवलेले; माणसाचा आवाज किंवा तबल्याची थाप त्यावर वाजत नसे. ती सोय आणली सिंगापूरच्या सिम वोंग हू यांच्या क्रिएटिव्हनं. १९८९ चा त्यांचा साउंड ब्लास्टर ॲडलिबची सगळी गाणी वाजवायचाच, शिवाय ८ बिटांचा मोनो आवाजही देई आणि जॉयस्टिक जोडायची जागाही त्याच कार्डावर. गेम खेळणाऱ्याला वेगळं कार्ड घ्यावं लागत नसे, म्हणून तो खपला. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये सीडीच्या दर्जाचा, १६ बिटांचा स्टिरिओ आला.

या काळात आजच्या अर्थानं ड्रायव्हर नव्हताच. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये प्रत्येक गेम थेट कार्डाशी बोलायचा. म्हणून कार्ड कुठलंही असो, खोक्यावर ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ छापलेलं लागे. दुसऱ्या कुणाची भाषा गेमला येतच नसे. कार्ड कुठं बसलंय हे मात्र संगणकाला हातानं सांगावं लागे. संगणक सुरू होताना वाचतो त्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये एक ओळ असायची: सेट ब्लास्टर बरोबर ए२२० आय५ डी१. म्हणजे कार्डाचा पत्ता २२०, प्रोसेसरला हाक मारायची तार (इंटरप्ट) ५, मेमरीतून आवाज थेट उचलायची वाट (डीएमए) १. ज्यांनी ती ओळ टाइप केली त्यांना ती आजही झोपेत येते. सुरुवातीची कार्डं इंटरप्ट ७ धरून यायची आणि नेमका तोच प्रिंटरच्या पोर्टाला दिलेला असे. मग प्रिंट सोडली की गेम अडके, गेम लावला की प्रिंट अर्धवट. उपाय म्हणजे कार्डावरचा जम्पर चिमट्यानं उचलून ५ वर बसवायचा. तांदळाच्या दाण्याएवढा तो काळा तुकडा एकदा फरशीवर पडला की पूर्ण दुपार त्याच्या शोधात जाई.

विंडोज ९५ नं हे जम्पर प्रकरण संपवायचं ठरवलं. कार्ड बसवा, बाकी आम्ही ओळखतो, असा त्याचा दावा. ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. आमच्या भागात घरोघरी असेंबल्ड पीसी दिसायला लागले ते याच सुमाराला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचं आणि ‘मल्टिमीडिया पीसी’ म्हणजे सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन स्पीकर असा संच. सोबत एक फ्लॉपी किंवा सीडी. ती हरवली की संपलं, कारण घरी इंटरनेट नव्हतं आणि सायबर कॅफेत डायल-अपवर काही एमबी उतरवायचे तर तासाच्या भाड्यात नवं कार्ड येईल अशी गत.

ड्रायव्हर लिहिणारी कंपनीच बुडाली तर काय होतं हेही त्याच वेळी दिसलं. ऑरियल नावाच्या अमेरिकन कंपनीची व्होर्टेक्स कार्डं चारही बाजूंनी आवाज आल्याचा भास द्यायची. क्रिएटिव्हनं तिच्यावर दावा लावला. ऑरियल कोर्टात जिंकली, पण खर्चानं मोडली आणि २००० साली तिचं जे काही उरलं ते क्रिएटिव्हनंच विकत घेतलं. पुढच्या वर्षी विंडोज एक्सपी आलं आणि व्होर्टेक्सवाले पोरके झाले.

तोवर साउंड कार्ड हे कार्डच राहिलं नव्हतं. इंटेलनं १९९६-९७ मध्ये एसी-९७ हा आराखडा काढला: हिशेबाचं काम मदरबोर्डाची मुख्य चिप करेल, आवाजाचं रूपांतर करायला कोपऱ्यात नखाएवढी कोडेक चिप पुरेल. तैवानच्या रिअलटेकनं या नखाएवढ्या चिपा इतक्या स्वस्त केल्या की वेगळं कार्ड विकत घ्यायची गरज संपली. तरीही सी-मीडियाच्या ८७३८ चिपची हिरवी पीसीआय (मदरबोर्डाच्या खाचेत बसणारी) कार्डं बरीच वर्षं खपत राहिली, कारण मदरबोर्डावरचाच, ऑनबोर्ड साउंड गेल्यावर मदरबोर्ड बदलण्यापेक्षा ती परवडत.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो २००४ नंतर. इंटेलनं एसी-९७ च्या जागी हाय डेफिनिशन ऑडिओ आणलं: १९२ किलोहर्ट्झपर्यंत, आठ चॅनेल, आणि पिन घातली की ओळखण्याची सोय. मदरबोर्ड नवा, पण विंडोज तेच, २००१ चं एक्सपी. एक्सपीला ही नवी वाटच ठाऊक नव्हती. आधी मायक्रोसॉफ्टचा यूएए नावाचा बस ड्रायव्हर टाकायचा, ८८८१११ क्रमांकाचा दुरुस्ती संच, आणि मगच रिअलटेकचा. क्रम उलटा झाला की रिअलटेकचा सेटअप अर्ध्यावर येऊन “ड्रायव्हर बसवता आला नाही” म्हणे. विंडोज मारून देणारी पोरं हा क्रम सांगत नसत. अनेकांना माहीतच नव्हता. ते सरळ सांगत, “साउंड कार्ड उडालं, साडेतीनशेचं नवं टाकू.”

एकदा माझ्याकडे धरणगावहून एक काका पीसी घेऊन आले, रिक्षात मांडीवर ठेवून. मागच्या हिरव्या भोकात पिन लावली की आवाज, पुढे हेडफोन लावला की शांतता. तीन जणांनी तीनदा विंडोज मारलं होतं. कॅबिनेट उघडलं तर पुढच्या पॅनेलची वायर जुन्या एसी-९७ पद्धतीची. पिन आत गेल्याचं सांगणारी तारच तिच्यात नव्हती. नवा ड्रायव्हर बिचारा पिनेची वाट बघत बसलेला. रिअलटेकच्या मॅनेजरमध्ये कोपऱ्यात एक पिवळी फोल्डरची खूण असते. ती दाबली, ‘फ्रंट पॅनेल जॅक डिटेक्शन’ बंद करायच्या चौकटीत टिक केली, आणि हेडफोन बोलायला लागला. काकांनी पैसे विचारले, तेव्हा एका टिकमार्कचे किती सांगावेत हे मला सुचेना.

२००७ चं विंडोज व्हिस्टा आलं आणि मायक्रोसॉफ्टनं आवाजाची सगळी यंत्रणा नव्यानं बांधली. महागड्या गेमिंग कार्डांना आवाजाचं जे खास काम थेट करता येई, ते दार बंद झालं. ६४ बिटांच्या विंडोजनं तर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर आत घेणंच सोडलं. कपाटातली कितीतरी धडधाकट पीसीआय कार्डं त्या दिवसापासून भंगारात जमा. त्यातली काही मी लिनक्सवर लावून पाहिली आणि ती मुकाट्यानं वाजली. तिथं आल्सा नावाचा प्रकल्प १९९८ पासून ग्रॅविस अल्ट्रासाउंड या एका कार्डापासून सुरू होऊन पसरला. त्यात ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसतो. व्हिस्टा-सेव्हनचं एक उपकार मात्र मानावं लागतं: साधा ऑनबोर्ड आवाज सीडीशिवाय यायला लागला.

आज विंडोज १० किंवा ११ वर आवाज गेला, तर आधी तो एचडीएमआयच्या वायरीतून मॉनिटरकडे गेलाय का ते बघा. पुष्कळ मॉनिटरांना स्पीकर नसतो आणि लोक फॉरमॅटला येतात. अनोळखी कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी असतो: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह, १३एफ६ म्हणजे सी-मीडिया. तेवढ्यावर नेमका ड्रायव्हर सापडतो. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणारी सॉफ्टवेअरं मी कुणाच्या संगणकात घालत नाही.

आता त्या पारोळ्याच्या पोराकडे येऊ. गाणाऱ्याची अडचण वेगळी असते: ट्रॅक कानात वाजतो आणि स्वतःचा आवाज उशिरा येतो. विंडोजच्या जुन्या वाटेनं गेलं तर हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका सहज होतो आणि ताल सुटतो. १९९७ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्गनं एएसआयओ ही रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपासून कार्डापर्यंतची थेट वाट काढली. ४४,१०० नमुन्यांच्या वेगाला १२८ नमुन्यांचा बफर (आवाज थोडा साठवून पुढे देणारी जागा) ठेवला तर तेवढ्या टप्प्यात साधारण तीनच मिलिसेकंद जातात. पण त्यासाठी कंपनीचा चांगला ड्रायव्हर हवा, आणि गाडी पुन्हा तिथंच अडते.

यूएसबीनं त्यातून बरीच सुटका केली. यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचं सर्वांसाठीचं प्रमाण १९९८ मध्ये ठरलं. ते पाळणाऱ्या डब्याला ‘क्लास कम्प्लायंट’ म्हणतात आणि त्याला आवाज वाजवायला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स सगळे ओळखतात. जास्त चॅनेल आणि जास्त वेगासाठीचं दुसरं प्रमाण २००६ मध्ये आलं. ॲपलनं ते लवकर उचललं. विंडोजमध्ये मात्र त्याचा ड्रायव्हर २०१७ च्या विंडोज १० मध्ये अंगभूत झाला. म्हणून मी पोरांना खोक्यावर ‘क्लास कम्प्लायंट’ लिहिलंय का ते बघायला सांगतो, आणि कंपनीच्या साइटवर ड्रायव्हरची शेवटची तारीख कधीची आहे तेही. गळ्याला २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं. स्टुडिओतला, बाहेरून वीज लागणारा कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचं बटण हवं. व्ही-८ च्या बारीक पिनेतून ते ४८ व्होल्ट येत नाहीत. लाइव्ह जाऊन गप्पा मारायच्या असतील तर व्ही-८ चालतो, टाळ्यांचं बटण तर मलाही आवडतं.

त्या पोरानं दोन इनपुटचा जुना यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइक जोडायचा यूएसबीचा डबा, घेतला. आठवड्यानं फोन: “भाऊ, घूं आवाज येतो. ड्रायव्हर टाकून पाहिला दोनदा.” मी म्हटलं, लॅपटॉपचा चार्जर काढ. घूं थांबली. मे महिना होता, पारा ४४ च्या वर. काळी माती अशा वेळी भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि तारेतली गुणगुण जमिनीत जायच्या ऐवजी माइकमध्ये येते. खड्डा कुठाय ते त्याला माहीत नव्हतं, आजोबांना माहीत होतं. मीठ आणि दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी त्यानं रेकॉर्डिंग पाठवलं. मागं एक चिमणी ऐकू येत होती, पण घूं नव्हती.