एनएचएल करारात पगार पुढे ढकलणे: पात्रता, कागदपत्रे, मंजुरी आणि बदललेले नियम

जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅनाहाइम डक्सच्या फ्रँक व्हॅट्रानोने तीन वर्षांच्या करारावर सही केली. एकूण रक्कम १ कोटी ८० लाख डॉलर. तिनाने भागलं की वर्षाला ६० लाख येतात. पण नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या हिशेबात या कराराचा वार्षिक भार सुमारे ४५ लाख ७० हजारच धरला गेला. मधले १४ लाख ३० हजार कुठे गेले, याचं उत्तर लीग आणि खेळाडू संघटना या दोघांनी मान्य केलेल्या नियमावलीतच होतं. करार चालू असताना व्हॅट्रानोला वर्षाला फक्त ३० लाख मिळणार आहेत. उरलेले ९० लाख २०३५ पासून दहा वर्षं, दरवर्षी ९ लाख या हप्त्याने मिळतील.

ही सोय नव्या करारांसाठी ७ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. तरीही ती समजून घ्यायला हवी, कारण आधी झालेले असे करार पुढची कित्येक वर्षं चालणार आहेत. शिवाय ज्या मार्गाने त्यांना मंजुरी मिळाली, तोच मार्ग आजच्या प्रत्येक कराराला लागू आहे. टोरंटो, ब्रॅम्प्टन किंवा न्यू जर्सीत वाढणारी मराठी मुलं आता बर्फावरच्या हॉकीवर तासन् तास बोलतात. ‘कॅप हिट’ हा शब्द त्यांच्या तोंडी सहज येतो, आणि जेवणाच्या टेबलावर आईवडिलांना तो कळत नाही. हे लेखन मुख्यतः त्या आईवडिलांसाठी आहे.

आधी सॅलरी कॅप

आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम मिळते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. एनएचएलमध्ये लिलाव नाही, पण खर्चाची मर्यादा तितकीच पक्की आहे. मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला आणि त्यातून ही मर्यादा आली. पहिल्या वर्षी, २००५-०६ ला, ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख आहे, तर २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख जाहीर झाली आहे. खालची मर्यादाही आहे: २०२५-२६ मध्ये कोणत्याही संघाला ७ कोटी ६ लाखांपेक्षा कमी खर्च करता येत नाही. दंड किंवा जादा कर भरून वरची मर्यादा ओलांडायची मुभा नाही. एका खेळाडूचा पगार त्या मर्यादेच्या २० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकतो.

मर्यादेत मोजला जातो तो त्या वर्षी हातात पडणारा पगार नव्हे. कराराच्या एकूण रकमेला वर्षांनी भागून आलेली सरासरी मोजतात, तीच कॅप हिट. पहिल्या वर्षी १ कोटी आणि शेवटच्या वर्षी ५० लाख दिले, तरी दोन्ही वर्षी भार सारखाच लागतो. या सरासरीतूनच बहुतेक पळवाटा निघाल्या.

करारासाठी पात्रता

पहिल्या करारावर असलेल्या तरुण खेळाडूंचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते इथे बाजूला ठेवतो. बाकीच्यांसाठी मुदतीची अट महत्त्वाची आहे. २०१३ पासून खेळाडूला आपल्या संघाबरोबर जास्तीत जास्त आठ वर्षांचा आणि दुसऱ्या संघाबरोबर सात वर्षांचा करार करता येतो. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या नव्या सामूहिक करारानुसार सप्टेंबर २०२६ पासून ही मुदत अनुक्रमे सात आणि सहा वर्षांवर येते. मुदतवाढ हवी असेल, तर चालू कराराचं शेवटचं वर्ष सुरू व्हावं लागतं, आणि लीगचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. संघाला एका वेळी ५० पेक्षा जास्त करार ठेवता येत नाहीत.

पगार पुढे ढकलण्यासाठी खेळाडू फार मोठा तारा असण्याची अट नव्हती. व्हॅट्रानो हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

कागदपत्रे आणि मंजुरीचा मार्ग

मुख्य कागद एकच: लीगचा ठरलेला नमुना-करार. संघाला स्वतःचा मसुदा बनवता येत नाही. या नमुन्यात दरवर्षीचा पगार, सहीचा बोनस, बदलीवरची बंधनं हे सगळं ठरल्या जागी भरायचं असतं. पगार पुढे ढकलायचा असेल, तर किती रक्कम आणि कोणत्या तारखांना द्यायची हे कागदावर पक्कं असायलाच हवं. खेळाडूच्या वतीने बोलणारा एजंट खेळाडू संघटनेकडे नोंदलेला असावा लागतो.

इथे अमेरिकेचा प्राप्तिकर कायदाही आड येतो. पुढे ढकललेल्या पगाराची तारीख आणि पद्धत आधी लेखी ठरवावी लागते, नंतर मनाला येईल तशी बदलता येत नाही. नियम मोडला तर नेहमीच्या करावर आणखी २० टक्के कर आणि वर व्याज लागतं, आणि ते खेळाडूच्या खिशातून जातं. एजंटच्या कार्यालयात कर सल्लागाराचं टिपण का लागतं, ते इथे कळतं.

सही झालेला करार संघ लीगच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयाकडे पाठवतो. तिथे कॅप हिटचा आकडा तपासून करार नोंदवतात. एखादा करार मर्यादा चुकवण्यासाठीच बनवलाय असं लीगला वाटलं, तर ती तो नाकारू शकते. मग खेळाडू संघटना तक्रार दाखल करते आणि प्रकरण लवादाकडे जातं.

हे फक्त कागदावर नाही. जुलै २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवाल्चुकशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यातले ९ कोटी ८५ लाख पहिल्या ११ वर्षांत मिळणार होते. शेवटच्या सहा वर्षांत मिळून फक्त ३५ लाख, तेही तो ४४ वर्षांचा होईपर्यंत. ती सहा वर्षं सरासरी खाली ओढण्यासाठी जोडली आहेत, असं लीगने म्हटलं आणि करार नाकारला. लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी ऑगस्टमध्ये लीगच्या बाजूने निर्णय दिला. नंतर १५ वर्षांचा, १० कोटींचा करार मंजूर झाला, पण डेव्हिल्सला ३० लाख डॉलर दंड झाला आणि नव्या खेळाडूंच्या निवडीतल्या संधीही गमवाव्या लागल्या. पुढे २०१४ मध्ये ही शिक्षा बरीच सौम्य करण्यात आली. कोवाल्चुक तोवर, २०१३ मध्येच, लीग सोडून रशियाला परतला होता.

त्यानंतर २०१३ च्या सामूहिक करारात मुदतीवर मर्यादा आली आणि एका वर्षातून दुसऱ्या वर्षात पगार किती बदलू शकतो यावरही बंधन आलं. लांब पल्ल्याच्या वाटा बंद झाल्या. वर्षं वाढवण्याऐवजी पैसे देण्याची तारीखच पुढे नेण्याची वाट मात्र उघडी राहिली.

हिशेब: आजचे पैसे आणि उद्याचे पैसे

दहा जणांची भिशी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या महिन्यात उचल मिळालेला आणि दहाव्या महिन्यात मिळालेला, दोघांच्या हाती रक्कम सारखीच पडते, पण पहिल्याचा फायदा जास्त हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो ते पैसे दहा महिने वापरतो. एनएचएलच्या नियमावलीने हीच गोष्ट आकड्यात मांडली होती. पुढे मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत काढायची, त्यासाठी बाजारातल्या व्याजदराशी जोडलेला दर वापरायचा, आणि कॅप हिटमध्ये ती कमी झालेली रक्कम धरायची.

व्हॅट्रानोचा हिशेब उलटा करून पाहा. ४५ लाख ७० हजार गुणिले तीन म्हणजे १ कोटी ३७ लाख १० हजार. त्यातून करार चालू असताना मिळणारे ९० लाख वजा करा. राहतात सुमारे ४७ लाख. म्हणजे २०३५ नंतर मिळणाऱ्या ९० लाखांची आजची किंमत लीगने निम्म्याच्या जरा वर धरली. जितका उशीर, तितकी किंमत खाली.

कॅरोलायना हरिकेन्सने ही पद्धत सर्वांत मन लावून वापरली. सेथ जार्विसचा २०२४ चा आठ वर्षांचा करार ६ कोटी ३२ लाख डॉलरचा आहे. सरळ सरासरी ७९ लाख येते, पण १ कोटी ५६ लाखांच्या वर रक्कम पुढे ढकलल्यामुळे कॅप हिट ७४ लाख २० हजारांच्या आसपास आली. वर्षाला ४ लाख ८० हजारच वाचले, तरी मर्यादेला टेकलेल्या संघाला तेवढ्यातही खालच्या फळीतला थोडा चांगला खेळाडू परवडतो.

महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरी हा अनुभव नवा नाही. सातव्या वेतन आयोगाची २०१६ ते २०१८ ची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत मिळाली होती. फरक असा, की तिथे कर्मचाऱ्याला पर्याय नव्हता. जार्विस किंवा व्हॅट्रानोने आपल्या सहीने ते मान्य केलं.

खेळाडू कशाला मान्य करेल? एक कारण करात आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानुसार, असा पगार किमान दहा वर्षं साधारण सारख्या हप्त्यांत मिळत असेल, तर जिथे तो कमावला ते राज्य त्यावर कर लावू शकत नाही. तेव्हा खेळाडू जिथे राहत असेल, त्या राज्याचाच नियम लागतो. कॅलिफोर्नियात सर्वांत वरच्या टप्प्याचा दर १३ टक्क्यांच्या वर आहे, फ्लोरिडा किंवा टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकरच नाही. अ‍ॅनाहाइम कॅलिफोर्नियात आहे. व्हॅट्रानोचे हप्ते नेमके दहा का, हे या कायद्याशेजारी ठेवून वाचलं की उलगडतं.

दुखापतीची यादी

पगारापेक्षा जास्त राग लोकांना ज्या पळवाटेचा आला, ती दीर्घकालीन दुखापतीच्या यादीची. खेळाडू किमान २४ दिवस आणि १० सामने खेळू शकणार नाही, असं वैद्यकीय प्रमाणपत्र संघाने दिलं की त्याच्या कॅप हिटएवढा जादा खर्च करता यायचा. आणि प्लेऑफमध्ये मर्यादाच लागू नव्हती.

२०२०-२१ मध्ये टँपा बे लाइटनिंगचा निकिता कुचेरोव्ह शस्त्रक्रियेमुळे साखळीतले सर्व ५६ सामने मुकला, प्लेऑफला परतला, सर्वाधिक ३२ गुण (गोल आणि गोलला केलेलं साहाय्य मिळून) मिळवले आणि संघाने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. २०२३ मध्ये वेगास गोल्डन नाइट्सचा मार्क स्टोन पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच प्लेऑफ सामन्याला उतरला आणि अंतिम सामन्यात तीन गोलांची हॅटट्रिक केली. या दोघांना खोटे म्हणणं मला पटत नाही. शस्त्रक्रिया खऱ्या होत्या, वेदनाही खऱ्या होत्या. दोष नियमाचा होता, कारण वर्षभर मोजायची मर्यादा सर्वांत महत्त्वाच्या दोन महिन्यांत उठत होती.

२०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही मर्यादा आली आहे. प्रत्येक सामन्याआधी मैदानात उतरणाऱ्या २० जणांची यादी द्यायची आणि त्यांची बेरीज मर्यादेत बसायला हवी. दुखापतग्रस्त खेळाडू त्याच हंगामात परतणार असेल, तर बदली खेळाडूवर आदल्या वर्षीच्या सरासरी पगाराइतकाच, म्हणजे सुमारे ३८ लाख डॉलरपर्यंत, जादा खर्च करता येतो. पूर्ण सूट हवी असेल, तर तो खेळाडू प्लेऑफसह उरलेला सगळा हंगाम बाहेर राहणार हे मान्य करावं लागतं.

आज करार वाचताना

७ ऑक्टोबर २०२५ नंतरच्या करारात पुढे ढकललेला पगार नसतो. त्याआधीच्या करारांना धक्का लागलेला नाही. त्यांची कॅप हिट कमी झालेलीच राहते आणि हप्ते ठरल्या तारखांना मिळतील. ही बंदी मला योग्य वाटते. मर्यादा सर्व संघांना सारखी असायची असेल, तर पैसे कधी द्यायचे यावर ती अवलंबून असता कामा नये. तिकिटासाठी पैसे साठवणाऱ्या प्रेक्षकालाही आपल्या संघाचा खेळाडू किती पगारावर आहे हे एका भागाकारात कळायला हवं.

सहीचा बोनस मात्र चालू आहे आणि तो उलट दिशेने चालतो. तो साधारण १ जुलैला एकरकमी मिळतो आणि नंतर संघाने करार मोडीत काढला तरी कमी होत नाही. सरासरीत तो पूर्ण मोजला जातो, त्यामुळे कॅप हिट घटत नाही. नव्या सामूहिक करारात तो एकूण रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आहे. म्हणून एखाद्या कराराची बातमी वाचताना एकूण रक्कम, वर्षं, सहीची तारीख आणि बोनसचा वाटा या चार गोष्टी पाहा. तारीख ७ ऑक्टोबर २०२५ च्या आधीची असेल आणि भागाकार कॅप हिटशी जुळत नसेल, तर पुढे ढकललेला पगार आहे का ते आधी तपासा.