लोखंडाचा बीम आणि बीममधलं लोखंड

फोंड्याहून कंत्राटदाराचा फोन येतो, "दादा, बीमला लोखंड किती लागेल?" जुन्या घरातली चिऱ्यांची भिंत काढून दोन खोल्यांची एक करायची असते. तिथे गर्डर बसणार की काँक्रीटचा बीम, हे मात्र त्याने सांगितलेलं नसतं. आपल्याकडे आयएसएमबीलाही, म्हणजे I आकाराच्या तयार पोलादी गर्डरलाही, लोखंडच म्हणतात आणि सळईलाही. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, एक्सेलमध्ये बिघडतं. 'स्टील' नावाचा एकच टॅब आणि त्यात दोन्ही हिशेब कोंबलेले, अशा फायली मी बऱ्याच पाहिल्यात. खरं सांगायचं तर पहिली माझीच होती.

समजा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ५ मीटर, बीमच्या वजनासकट भार मीटरला ३० किलोन्यूटन, दोन्ही टोकं नुसती टेकलेली. सुरक्षिततेसाठी १.५ ने गुणून ४५. मोमेंट, म्हणजे बीम वाकवणारा जोर, ४५ × ५² ÷ ८, म्हणजे सुमारे १४१ किलोन्यूटन-मीटर. इथपर्यंत गर्डरची आणि सळईची, दोन्ही शीट जुळ्या बहिणी.

पुढे गर्डरची शीट आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे चालते. ती उत्तर काढत नाही. तक्त्यातून एक सेक्शन उचलायचा आणि पुरतो का ते बघायचं. ३०० मिलिमीटर उंचीच्या आयएसएमबी ३०० चा प्लास्टिक मॉड्युलस, म्हणजे त्याचा आकार वाकण्याला किती विरोध करतो तो आकडा, ६५१.७ घन सेंटिमीटर. त्याला २५० या यील्डने (ज्या ताणाला पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं) गुणून १.१० या सुरक्षा गुणकाने भागलं की, एककं जुळवून, १४८ किलोन्यूटन-मीटर मिळतात. पास. पण वरचा फ्लँज, म्हणजे I ची वरची आडवी पट्टी, स्लॅबने धरून ठेवलेला असेल तरच. तो मोकळा असेल तर ५ मीटरच्या लांबीत गर्डर कुशीवर वळू पाहतो आणि ताकद ७० च्या आसपास घसरते. निम्म्यावर! कुणाचीही आयती शीट हाती आली की मी आधी ही तपासणी शोधतो.

सळईची शीट आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या मानकाची. ती समीकरण सोडवते. २३० बाय ५०० मिलिमीटरचा बीम, एम २५ काँक्रीट (ताकद २५), एफई ५०० सळई (यील्ड ५००), वरच्या काठापासून सळईच्या मध्यापर्यंतची खोली ४५०. उत्तर साधारण ८६० चौरस मिलिमीटर, म्हणजे २० मिलिमीटरच्या तीन सळ्या.

आता मालक म्हणतो, बीम खाली फार लोंबतोय, ४५० चा करा. खोली ४०० झाली. शीट शांतपणे १०४६ सांगते, २० च्या चार सळ्या बसवून माणूस मोकळा होतो. इथेच फसगत आहे. एफई ५०० साठी मर्यादा ०.१३३ × एफसीके × बी × डी वर्ग (एफसीके काँक्रीटची ताकद, बी रुंदी, डी खोली), म्हणजे इथे १२२, आणि आपला मोमेंट १४१. सळई काढण्याच्या सूत्रातल्या वर्गमुळाखाली ऋण संख्या येते ती ०.१३३ च्या जागचा हा आकडा ०.२१७ च्या पुढे गेल्यावर. तोवर एक्सेल एरर दाखवत नाही. मधल्या पट्ट्यात सळई पुरेशी ताणली जाण्याआधी काँक्रीट चिरडतं, फारशी चाहूल न देता. जाड गर्डर घेतला तर बळ वाढतं. तेवढ्याच काँक्रीटमध्ये सळ्या वाढवत गेलात तर बीम ठिसूळ होतो. म्हणून मर्यादेची तुलना वेगळ्या सेलमध्ये, लाल रंगासकट हवीच.

यील्डचा सेल दोन्हींत कॉमन ठेवू नये. तिथे सळईचे ५०० राहिले तर हाच गर्डर २९६ दाखवतो. सळईचा ०.८७ ही तसाच चिकटून येतो. त्यात निदान चूक सुरक्षित बाजूला पडते, कारण १ ÷ १.१० म्हणजे ०.९१.

गोव्यात आणखी एक सेल महत्त्वाचा, कव्हरचा, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचा. खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा असेल तर ३० मिलिमीटर चालतं, किनाऱ्यावर उघड्या बीमला ४५ लागतं आणि काँक्रीटही एम ३०. किनाऱ्यावरच्या मोरजीच्या कामाला आतल्या डिचोलीची शीट तशीच वापरली तर खोली १५ मिलिमीटरने खोटी. गर्डरच्या शीटमध्ये हा सेलच नसतो. तिथे गंजाचा विचार रंगात आणि जाडीत करावा लागतो.

फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर? ५ मीटरचा आयएसएमबी ३०० मीटरला ४४.२ प्रमाणे २२१ किलो. खालच्या तीन सळ्या, मीटरला व्यासाचा वर्ग भागिले १६२ या हिशेबाने, ३७ किलो. वरच्या सळ्या, रिंगा आणि टोकांची लांबी वेगळी.