तळावरचं नाव कारागिराचं नसतं

डिसेंबर जवळ आला की अमेरिकेत सिरॅमिकच्या जुन्या ख्रिसमस झाडांना गिऱ्हाईक वाढतं. हिरवी झिलई, फांद्यांच्या टोकांना प्लास्टिकचे रंगीत दिवे, पोटात छोटा बल्ब. जाहिरातीत मजकूर असतो, ‘अटलांटिक मोल्ड कंपनीने बनवलेलं’. हे चुकीचं आहे. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनची अटलांटिक मोल्ड कंपनी साचे विकायची. ट्रेंटनचीच हॉलंड, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोची डंकन, यांचेही साचे होते. गावोगावचे स्टुडिओ त्या साच्यांत मातीचा घोळ ओतायचे आणि हौशी मंडळी त्यातून निघालेल्या कच्च्या, न भाजलेल्या वस्तू घासून, रंगवून भाजून घ्यायची. 1960 आणि 70 च्या दशकांत ही हौस ऐन भरात होती. त्यामुळे तळाला साच्यातूनच उमटलेलं नाव साचेवाल्याचं. त्याच्याशेजारचं साल नक्षीचं. वस्तू त्यानंतर वीस वर्षांनीही ओतलेली असू शकते. टोचणीने कोरलेली आद्याक्षरं आणि साल मात्र त्या वस्तूचं स्वतःचं.

आपल्याकडे प्लास्टर ऑफ पॅरिस म्हटलं की गणपतीची मूर्ती आठवते. इथे प्लास्टरचा साचा असतो, आणि खरी करामत त्याचीच आहे. 100 ग्रॅम प्लास्टर घट्ट व्हायला रासायनिक दृष्ट्या जेमतेम 19 ग्रॅम पाणी पुरतं. साचा करताना मात्र साधारण 70 ग्रॅम घालतात. उरलेलं 51 ग्रॅम पाणी साचा वाळताना उडून जातं आणि जागोजाग सूक्ष्म पोकळ्या सोडतं. हिशेब केला तर वाळलेल्या साच्याचा जवळजवळ निम्मा भाग पोकळच असतो! या पोकळ्या केशाकर्षणाने घोळातलं पाणी ओढतात आणि मातीचे कण साच्याच्या भिंतीवर साचत जातात. हा थर जाड होतो तसा तोच पाण्याच्या वाटेत आडवा येतो. म्हणून जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: 10 मिनिटांत 3 मिलिमीटर थर धरला, तर 6 मिलिमीटरला 20 नाही, 40 मिनिटं लागतात. हवी ती जाडी आली की उरलेला घोळ साचा उलटा करून ओतून काढायचा.

घोळ पातळ व्हावा म्हणून नुसतं पाणी वाढवलं तर साचा लगेच भिजून जातो आणि वस्तू वाळताना फार आकसते, चिरते. म्हणून कोरड्या मातीच्या अर्धा टक्का किंवा त्याहून कमी सोडियम सिलिकेट घालतात. त्याने कण एकमेकांना ढकलतात आणि कमी पाण्यातही घोळ वाहतो. पण हेच सिलिकेट साच्यातल्या जिप्समशी, म्हणजे घट्ट झालेल्या प्लास्टरशी, अभिक्रिया करतं, शिवाय जिप्सम पाण्यात थोडं विरघळतंही. ओतकामाच्या प्रत्येक खेपेला साच्याच्या पृष्ठभागाची बारीकशी झीज होते. शंभरएक खेपांनंतर पानांच्या शिरा, पापण्या, अक्षरं बोथट होतात.

ओळख पटवताना हेच उपयोगी पडतं. नक्षी फक्त सांध्याच्या रेघेलगत, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथेच, पुसट असेल, तर कच्च्या वस्तूवर ओला स्पंज जास्त फिरला. तळावरच्या नावासकट सगळीकडे पुसट असेल, तर साचा थकलेला होता. नक्षी पुसट आणि उंचीही पाचएक टक्के कमी, म्हणजे 40 सेंटिमीटरचं झाड 38 भरलं, तर तयार वस्तूवरून घेतलेल्या साच्यातली ती नक्कल असण्याची दाट शक्यता. माती वाळताना आणि भाजताना आकसते. नकलेत ते आकसणं दुसऱ्यांदा होतं. तुलना मात्र त्याच साच्याच्या खात्रीच्या वस्तूशीच करा. माती वेगळी असली की आकसणंही बदलतं.

झिलईवर केसासारख्या चिरांचं जाळं दिसलं की ‘अस्सल जुनी’ म्हणून भाव वाढवण्याची पद्धत निव्वळ भूलथाप आहे. झिलई थंड होताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसली तर जाळं भट्टीतून काढल्या दिवशीच पडू शकतं, आणि चहाच्या पाण्याने त्याला जुनेपणाचा रंगही देता येतो. अतिनील टॉर्चही वय सांगत नाही. डागडुजीला वापरलेला गोंद मात्र त्या उजेडात अनेकदा चमकतो, एवढ्यासाठी ती जरूर वापरावी.

विकायच्या वस्तूला आधी झिलई आहे की भाजल्यानंतर लावलेला थंड रंग, ते पाहा. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ओला कापसाचा बोळा हलकेच फिरवा. रंग उतरला तर ती धुवायची नाही, मऊ ब्रशने झटकायची. बोटाने हलकं ठोका: खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर चीर शोधा, विशेषतः दिव्यांच्या भोकांभोवती, कारण ती कच्च्या मातीत हाताने पाडलेली असतात. वायरचं आवरण तडकलं असेल तर नवी वायर बसवून तसं लिहा. मजकुरात ‘अटलांटिकच्या साच्यातून, हौशी हाताने केलेलं’ असं म्हणा आणि तळाचा, सांध्याचा फोटो द्या. जुन्या झिलयांत शिसं असू शकतं, म्हणून वाट्या-बशा ‘फक्त शोभेसाठी’ म्हणूनच विकाव्यात. पाठवताना दिवे काढून वेगळ्या पिशवीत, झाड आणि बैठक वेगवेगळी गुंडाळून, खोक्यात खोकं आणि दोन्हींमध्ये सगळीकडून 5 सेंटिमीटर भरण. झाड बैठकीवर ठेवूनच पाठवलं तर धक्क्याने दोघांच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि तिथेच टवके उडतात.