टोर्नेडोचा भोंगा: शहराने कोणते अर्ज करायचे, कोणती कागदपत्रे जोडायची

१६ मे २०२५ रोजी दुपारी अमेरिकेतील सेंट लुईस शहराला टोर्नेडोने झोडपले. राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा आधीच निघाला होता, तरीही धोक्याची सूचना देणारे शहराचे भोंगे वाजले नाहीत. ते वाजवायचे आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाने की अग्निशमन दलाने, हे ऐन वेळी झालेल्या दूरध्वनीवरच्या बोलण्यातूनही स्पष्ट झाले नव्हते. पुढे महापौरांनी आदेश काढून ही जबाबदारी अग्निशमन दलाकडे सोपवली. मिसुरी, ओक्लाहोमा किंवा टेक्सासमध्ये शहराच्या स्वयंसेवक समित्यांवर काम करणाऱ्या मराठी वाचकांना उपयोगी पडावी, म्हणून अशी इशारा यंत्रणा उभी करण्याची आणि तिच्यासाठी अर्ज करण्याची प्रक्रिया येथे दिली आहे.

हवामान सेवा इशारा देते, भोंगा वाजवत नाही. भोंगे शहराचे किंवा काउंटीचे (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचे) असतात. त्यामुळे अर्जदार म्हणून शासकीय संस्थाच पुढे यावी लागते. एखाद्या वसाहतीच्या रहिवासी संघाला इशारा प्रसारित करण्याचा अधिकार स्वतःच्या नावाने मागता येत नाही.

कोणत्याही अर्जाआधी नगर परिषदेचा ठराव आणि शहर, काउंटी, अग्निशमन दल व ९११ (आपत्कालीन मदतीचा क्रमांक) नियंत्रण कक्ष यांच्यातील लेखी करार तयार ठेवावा. माझ्या मते सर्वाधिक वेळ या करारावर खर्च करावा, कारण यंत्रे विकत मिळतात, अधिकार मिळत नाही. २००७पासून टोर्नेडोचा इशारा संपूर्ण काउंटीऐवजी नकाशावर आखलेल्या बहुभुजापुरता दिला जातो. तो बहुभुज शहराच्या एका कोपऱ्यालाच शिवत असेल, तर सगळे भोंगे वाजवायचे की त्या भागापुरते, हे करारात लिहिलेले असावे. भोंगा किती मिनिटे वाजेल, पुन्हा केव्हा वाजेल आणि मुख्य अधिकारी जागेवर नसल्यास बटण कोण दाबेल, हेही त्यात यावे. दूरध्वनीवरून सूचना देताना कोणते शब्द वापरायचे आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे, इतका बारीक तपशीलही त्यात असावा. २२ मे २०११ रोजी मिसुरीतल्या जॉप्लिन शहरावर टोर्नेडो आला, तेव्हा भोंगे प्रथम ५ वाजून ११ मिनिटांनी आणि पुन्हा ५ वाजून ३८ मिनिटांनी वाजले. या दोन भोंग्यांचा नेमका अर्थ काय, याबाबत नागरिक गोंधळले आणि आसरा घेण्यास अनेकांना उशीर झाला, असे नंतरच्या शासकीय चौकशीत नोंदले गेले.

भोंगा मुख्यतः घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. घरातल्यांसाठी मोबाइल, रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर इशारा जावा लागतो. त्यासाठी फेमा या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या ‘आयपॉज’ या इशारे प्रसारित करणाऱ्या यंत्रणेत नोंदणी करावी लागते. प्रथम सुसंगत सॉफ्टवेअर निवडावे, मग फेमाबरोबर सामंजस्य करार करावा, कोणत्या प्रकारचे इशारे कोणत्या क्षेत्रात द्यायचे त्याचा परवानगी अर्ज राज्याच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावा आणि नेमून दिलेले ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावे. फेमा शुल्क आकारत नाही. सॉफ्टवेअर कंपनी मात्र आकारते. पुढे दर महिन्याला चाचणी यंत्रणेवर संदेश पाठवून सराव सिद्ध करावा लागतो.

भोंगे रेडिओ लहरींवर चालणार असतील, तर संघीय दळणवळण आयोगाचा परवाना लागतो. मान्यताप्राप्त समन्वयकाकडून वारंवारतेची शिफारस घेऊन फॉर्म ६०१ भरावा. केवळ परवाना मिळाल्याने यंत्रणा सुरक्षित होत नाही. एप्रिल २०१७मध्ये डॅलसचे सर्व १५६ भोंगे कोणीतरी बाहेरून मध्यरात्रीच्या सुमारास वाजवले होते. म्हणून पुरवठादाराकडून सांकेतिक संरक्षणाची (एन्क्रिप्शनची) हमी लेखी घ्यावी.

भोंग्यांच्या खर्चासाठी आपत्ती घोषित झाल्यावर फेमाच्या आपत्ती निवारण अनुदानातून निधी मागता येतो. शहर थेट फेमाकडे जात नाही. ते राज्याकडे उपअर्ज करते. खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा संघ सरकार उचलते, उरलेला स्थानिक किंवा राज्य निधीतून दाखवावा लागतो. यासाठी फेमाने मान्य केलेली स्थानिक आपत्ती निवारण योजना चालू असावी लागते. तिची मुदत पाच वर्षांची असते, आणि अर्ज अडकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. अर्जासोबत योजना स्वीकारल्याचा ठराव, भोंग्यांच्या जागांचा व आवाज पोहोचण्याच्या कक्षांचा नकाशा, खर्चाचे अंदाजपत्रक आणि शहराचा संघीय नोंदणी क्रमांक तयार ठेवावा. भोंग्यांसारख्या कामांचा लाभ पैशांत मोजणे अवघड असते, म्हणून निधीचा पाच टक्के भाग अशा कामांसाठी वेगळा वापरता येतो. त्याची विचारणा राज्य कार्यालयाकडे मुद्दाम करावी.

‘स्टॉर्मरेडी’ ही हवामान सेवेची मान्यता ऐच्छिक आणि विनाशुल्क आहे. तिच्यासाठी २४ तास चालणारे इशारा केंद्र, इशारा मिळवण्याचे व पोहोचवण्याचे एकाहून अधिक मार्ग आणि लेखी योजना दाखवावी लागते. अर्ज जवळच्या हवामान कार्यालयात द्यायचा, त्यानंतर पाहणी होते.

चाचणीचे वेळापत्रकही करारालाच जोडावे. ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो, हे तिथे लहान मुलांनाही ठाऊक असते. नेमके त्या वेळी आभाळ भरून आले असेल, तर चाचणी रद्द करण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हेही त्यात व्यक्तीच्या नावाने नव्हे, पदाच्या नावाने लिहावे.