सरपंचाने राजीनामा दिला म्हणजे चौकशी संपली?

नाही. राजीनाम्याने खुर्ची जाते, जबाबदारी नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 39(2) नुसार राजीनामा दिलेल्या गैरवर्तनी सरपंचालाही 5 वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. कलम 178 खाली ग्रामनिधीच्या नुकसानीची वसुली त्याच्याकडूनच होते. फौजदारी अपहाराचा गुन्हा तर पद सोडूनही पुसला जात नाही.

घोळ होतो तो तक्रारीच्या अर्जात. ‘पदावरून काढा’ एवढीच मागणी असेल, तर राजीनाम्यानंतर अर्ज निकाली निघतो, आणि चोर सुटतो. म्हणून अपात्रता आणि वसुली दोन्ही स्पष्ट मागा. अर्ज विभागीय आयुक्तांकडे, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. सोबत नमुना 5 ची रोकडवही, बँक खातेउतारा, कामांची मोजमाप पुस्तिका जोडा. ही कागदपत्रे माहिती अधिकारातून लगेच मागवा. दप्तर हस्तांतरणातच ती गहाळ होतात.