जुनी बॅटरी घंटागाडीत नको, आमच्या दुकानात द्या

दिवाळीची आवराआवर निघाली की कपाटाच्या खणातून बंद मोबाईल, न चालणारी पॉवरबँक, ट्रिमर, मुलांच्या रिमोटच्या गाडीतली बॅटरी असं काहीबाही बाहेर येतं. "आता काय उपयोग" म्हणून ते सुक्या कचऱ्यात जातं. पण मोबाईल सुरू होत नसला तरी त्याच्या बॅटरीत थोडा चार्ज उरलेला असतो. आतल्या दोन थरांना वेगळं ठेवणारा प्लास्टिकचा पडदा केसापेक्षाही पातळ, आणि त्यात मुरलेला द्रव पेट घेणारा. बॅटरी दबली किंवा टोचली गेली की पडदा फाटतो, आतल्या आत शॉर्ट होतं आणि उष्णता आपली आपणच वाढत जाते. घंटागाडीतला कचरा पुढे मोठ्या गाडीत दाबून भरतात. तिथे भडका उडाला तर सर्वांत जवळ असतो तो सफाई कामगार. आम्हाला त्याची काळजी वाटते, म्हणून हे पत्रक.

बॅटरी फुगली असेल तर

स्क्रीन कडेने उचलली गेली, मागचं झाकण नीट बसेना, फोन टेबलावर डुगडुगू लागला, तर चार्जिंग लगेच थांबवा. स्क्रीन दाबून परत बसवू नका. "हवा काढायला" टाचणी तर कधीच टोचू नका! आत हवा नसते, द्रव बिघडून तयार झालेला वायू असतो आणि तोही पेटतो. बॅटरी स्वतः उपसून काढण्याच्या फंदात न पडता अख्खा फोन बंद करून मातीच्या कुंडीत, कोरड्या वाळूवर ठेवा. कुंडी गॅलरीत, पण उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब हवी. घट्ट झाकणाचा डबा नको, वायूला बाहेर पडायला वाट हवी. आणण्याआधी आम्हाला फोन करा आणि खिशात घालून मुळीच आणू नका.

धूर यायला लागला तर माणसांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. तो धूर विषारी असतो, बघायला जवळ जाऊ नका.

न फुगलेल्या बॅटऱ्या

दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. हे एवढंसं काम सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण खणातली किल्ली किंवा नाणं दोन्ही टोकांना टेकलं तरी शॉर्ट होतं. मग प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून थंड, कोरड्या जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको, ओल धरते. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या खोलीतही नको.

नाण्यासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. थांबून वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

पुढे काय होतं

भंगारवाल्याला देऊ नका, तिथे बॅटऱ्या हातोडीने फोडल्या जाण्याची भीती असते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळणं ही आपली. आमच्याकडे जमलेल्या बॅटऱ्या आम्ही नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे देतो. तिथे त्यांतून कोबाल्ट, निकेल, तांबं आणि लिथियम परत मिळवता येतं.

बॅटरी दुसऱ्या दुकानातून घेतलेली असली तरी चालेल, पैसे लागत नाहीत. फोन देण्याआधी त्यातले फोटो आणि नंबर तेवढे काढून घ्या. ते जमत नसेल तर काउंटरवर सांगा, फोन सुरू होत असेल तर तुमच्यासमोर काढून देऊ.